अमेरिकेत स्प्रिंगची फुलं बघायची असतील तर तिकिटं जरा थांबून काढा

प्रश्न थोडक्यात असा आलाय: आईबाबा पुण्याहून मार्चच्या मध्यावर येतायत, मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आहेत, घर न्यू जर्सीत एडिसनजवळ, आईचे गुडघे फार चालू देत नाहीत, विमानाने एकच मोठी ट्रिप जमणार, तर अमेरिकेत स्प्रिंगची फुलं बघायला सगळ्यात भारी जागा कुठली? मी बीएस्सी ॲग्री करून इकडे आले, तेव्हापासून नर्सरी आणि लँडस्केपिंगमध्येच आहे, आणि दर स्प्रिंगला छोटे छोटे ग्रूप घेऊन फुलं दाखवायला जाते. म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण या प्रश्नाला एका ओळीत उत्तर दिलं की हमखास कोणाचा तरी हिरमोड होतो.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की फुलं कॅलेंडर बघून येत नाहीत. हिवाळ्यात थंडी किती पडली, ऊब कधी सुरू झाली, पाऊस कुठल्या महिन्यात पडला यावर सगळा खेळ असतो. त्यामुळे मी फुलांचे तीन हिशोब वेगळे ठेवते. एक म्हणजे माणसाने लावलेली फुलं, ट्यूलिप, डॅफोडिल, बॉटॅनिकल गार्डनमधले वाफे, ही भरवशाची, आठवडा दोन आठवडे इकडेतिकडे होतील पण दिसतील नक्की. दुसरा झाडांचा बहर, चेरी, बदाम, पीच, हा येणार यात शंका नाही पण एकदा आला की जेमतेम आठवडाभर टिकतो आणि तो आठवडा कुठला हे शेवटपर्यंत कळत नाही. तिसरी रानफुलं, ती आली तर माणूस बघतच राहतो आणि नाही आली तर मैलोन्‌मैल नुसती माती आणि वाळलेलं गवत. लोक काय करतात, यूट्यूबवर तिसऱ्या प्रकाराचा व्हिडिओ बघतात आणि चार महिने आधी नॉन-रिफंडेबल तिकीट काढून मोकळे होतात. तसं करू नका, एवढी एक गोष्ट ऐकलीत तरी पुष्कळ झालं.

आता वॉशिंग्टन डीसी, कारण नाव सगळ्यांच्या तोंडी तेच असतं, आणि ते योग्यच आहे, टायडल बेसिन नावाच्या तळ्याच्या काठाने चेरी पूर्ण फुललेली आयुष्यात एकदा तरी बघावी. ही झाडं १९१२ मध्ये टोकियोचे महापौर युकिओ ओझाकी यांनी भेट पाठवली, ३,०२० झाडं. त्याच्या आधी १९१० मध्ये २,००० झाडं आली होती, पण त्यांच्यात कीड आणि रोग निघाले म्हणून ती सगळीच्या सगळी जाळावी लागली. माझ्यासारख्या नर्सरीवालीला हा किस्सा फार लागतो, दोन देशांच्या मैत्रीची भेट आणि ती पेटवायची, पण तेव्हा ती कीड इथल्या बागांमध्ये पसरू दिली असती तर काय झालं असतं हेही आम्हालाच कळतं. जपानने काही न बोलता परत झाडं पाठवली, आणि अमेरिकेने १९१५ मध्ये डॉगवूडची झाडं तिकडे पाठवून परतफेड केली.

इथली बहुतेक झाडं योशिनो जातीची, कलमं करून वाढवलेली, म्हणजे मुळात एकाच झाडाच्या प्रती, म्हणूनच सगळी एकदम फुलतात आणि एकदम झडतात. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या व्याख्येत ७० टक्के योशिनो फुलं उमलली की पीक ब्लूम, म्हणजे बहराचा कळस. सरासरी मार्चचा शेवटचा आठवडा ते एप्रिलचा पहिला, पण १९९० मध्ये पीक १५ मार्चलाच आलं होतं आणि १९५८ मध्ये १८ एप्रिलला, आता बघा एक महिन्याहून जास्त फरक. अगदी अलीकडचं बोलायचं तर २०२४ ला १७ मार्च आणि २०२५ ला २८ मार्च, म्हणजे गुढीपाडव्याच्या दोन दिवस आधी. २०१७ मध्ये कळ्या फुलायला आल्या आणि मार्चच्या मध्यावर कडाक्याची थंडी पडली, जवळजवळ निम्म्या कळ्या जळाल्या. मग तारीख कशी पकडायची? कळीच्या अवस्था असतात आणि पार्क सर्व्हिस त्या वेळोवेळी जाहीर करते. हिरवी कळी दिसायला लागली म्हणजे अजून वेळ आहे. कळीतून छोट्या फुलांची देठं लांब बाहेर यायला लागली की पीकला साधारण पाच ते दहा दिवस उरले, हॉटेल पक्कं करायचा क्षण तोच. आणि कळ्या फुगून पांढऱ्या दिसायला लागल्या की चार ते सहा दिवस. फक्त बातम्यांमधल्या अंदाजावर जाऊ नका, या अवस्था बघत बसा, मला यापेक्षा चांगली पद्धत माहीत नाही.

आईच्या गुडघ्यांचं म्हणाल तर टायडल बेसिनचा पूर्ण फेरा साधारण दोन मैलांचा आहे, तो करायची काही गरज नाही. वीकडेला सूर्य उगवायच्या वेळी पोहोचा, जेफरसन मेमोरियलपाशी उतरवा, तिथून पाण्यापलीकडचा सगळा काठ दिसतो. आठ-साडेआठनंतर चालायलाही जागा राहत नाही. मग टॅक्सी घेऊन हेन्स पॉइंटला चक्कर मारा, तिथे बसल्या जागेवरून झाडं दिसतात, गर्दीही जरा कमी. योशिनो हुकली तर जवळपास दोन आठवड्यांनी क्वानझान जातीची चेरी फुलते, गडद गुलाबी, गच्च पाकळ्यांची, ती हेन्स पॉइंटच्या बाजूला भरपूर आहे. काठाच्या भिंतीच्या दुरुस्तीसाठी २०२४ मध्ये दीडशेच्या वर झाडं काढली, त्यात ते पोकळ खोडाचं सगळ्यांचं लाडकं 'स्टंपी' पण गेलं, त्याच्या फांद्यांपासून नॅशनल आर्बोरेटमने, म्हणजे झाडांच्या सरकारी बागेने, रोपं करायला घेतली होती हे ऐकून बरं वाटलं. गाडीपेक्षा मेट्रोपार्कहून ॲमट्रॅक घ्या, पार्किंगची कटकटच नको.

आणि एक गोष्ट न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांनाच माहीत नसते याचं मला फार आश्चर्य वाटतं. नेवार्कच्या ब्रँच ब्रूक पार्कमध्ये डीसीपेक्षा जास्त चेरीची झाडं आहेत, पाच हजारांच्या वर! १९२७ मध्ये कॅरोलिन बॅम्बर्गर फुल्ड या बाईंनी २,००० झाडं दिली तिथून सुरुवात झाली. एडिसनहून तासाभराच्या आत, प्रवेश फुकट, आणि डीसीनंतर साधारण दोन आठवड्यांनी, एप्रिलच्या मध्याच्या आसपास बहर येतो. वेगवेगळ्या जाती लावल्यामुळे सगळं एकदम संपत नाही, पांढरी, फिकट गुलाबी, फांद्या खाली झुकलेली, मग डबल पाकळ्यांची असं चालू राहतं. डीसीला दगदग नको असं वाटलं तर मी सरळ सांगेन की इथेच दोनदा जा, एकदा सुरुवातीला आणि एकदा पाकळ्या गळताना. फेस्टिव्हलचा रविवार तेवढा टाळा.

मोठ्या ट्रिपसाठी माझं मत टेक्सास. हे वाचून बरेच जण भुवया उंचावतील कारण टेक्सास म्हटलं की ऊन आणि हायवे डोळ्यासमोर येतात, पण मार्चच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ऑस्टिनच्या पश्चिमेला हिल कंट्रीमध्ये ब्लूबॉनेट या रानफुलाने रस्त्याच्या दोन्ही कडा निळ्या होतात आणि त्यातलं निम्म्याहून जास्त गाडीतून उतरून दहा पावलांत दिसतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रानफुलं एवढ्या सहज दुसरीकडे कुठे दिसत नाहीत. हे आपोआप झालेलं नाही. लेडी बर्ड जॉन्सन, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सनच्या पत्नी, टेक्सासच्याच, त्यांनी हायवेच्या कडेला जाहिराती आणि भंगाराऐवजी फुलं दिसावीत म्हणून जोर लावला आणि १९६५ मध्ये हायवे ब्यूटिफिकेशन ॲक्ट झाला. टेक्सासचं रस्ते खातं आजही दरवर्षी साधारण ३०,००० पाउंड रानफुलांचं बी रस्त्याकडेला पेरतं आणि बी धरेपर्यंत गवत कापत नाही. गवत कधी कापायचं याचा विचार फुलाच्या हिशोबाने करणारं सरकारी खातं, मला तर याचं फार कौतुक आहे.

ब्लूबॉनेट हे हरभरा-तुरीच्या कुळातलं, मुळांवर गाठी असतात, नायट्रोजन धरतं, म्हणून मुरमाड चुनखडीच्या जमिनीतही टिकतं. बी शरद ऋतूत रुजतं, सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस बरा झाला तर हिवाळाभर जमिनीलगत पानांचा छोटा चक्रासारखा गड्डा बसून राहतो, मग मार्चमध्ये एकदम उंच होतो. त्यामुळे एप्रिल कसा जाणार हे नोव्हेंबरातच बऱ्यापैकी कळलेलं असतं. तिकडे गेलात तर आईबाबांना एक गंमत नक्की दाखवा. एका तुऱ्यावर बरीच निळी फुलं असतात, प्रत्येक फुलाच्या वरच्या पाकळीवर एक छोटा पांढरा ठिपका असतो, आणि त्याच तुऱ्यात खालच्या फुलांचा तो ठिपका जांभळट-लाल झालेला दिसेल. पांढरा म्हणजे फूल ताजं, परागकण आहेत. लाल म्हणजे फूल जुनं झालं. मधमाशी पांढऱ्यावर बसते, लालवाल्याकडे फारशी वळत नाही. पाच मिनिटं एका जागी उभं राहून बघितलं तरी समजतं, वाकावंही लागत नाही फार, एखादा तुरा बांधावरचा बघायचा.

रूट म्हणाल तर ऑस्टिनला उतरा, पहिला दिवस लेडी बर्ड जॉन्सन वाइल्डफ्लॉवर सेंटरला द्या, १९८२ साली त्यांनीच सुरू केलेलं, व्हीलचेअर जाईल असे रस्ते आहेत, प्रत्येक फुलाचं नाव लिहिलेलं असतं, त्यामुळे पुढचे दोन दिवस रस्त्यावर जे दिसेल ते ओळखू येतं. मग मार्बल फॉल्स, बर्नेट, तिथून हायवे २९ ने लानो आणि हायवे १६ ने फ्रेडरिक्सबर्ग. निळ्यामध्ये नारिंगी-लाल इंडियन पेंटब्रश मिसळलेला दिसला की थांबा. विलो सिटी लूप म्हणून १३ मैलांचा अरुंद रस्ता आहे, खूप सुंदर आहे, पण दोन्ही बाजूला खाजगी रँच आहेत, कुंपण ओलांडायचं नाही, मध्येच गाडी उभी करायची नाही, आणि वीकेंडला गाड्यांची रांग लागते. एप्रिलच्या मध्यानंतर जाणं होत असेल तर डॅलसच्या दक्षिणेला एनिस गाठा, तिथे थोडा उशिरा बहर येतो आणि गाव दर आठवड्याला कुठल्या रस्त्यावर फुलं आहेत ते सांगतं, ४० मैलांच्या वर आखलेले रस्ते आहेत. फुलांत बसून फोटो काढायची तिकडे घरोघरी पद्धत आहे, पोरांना बसवतात, पण बसायच्या आधी काठीने गवत हलवा, रॅटलस्नेक असतात, आणि लाल मुंग्यांची वारुळं तर असतातच, त्या चावल्या की दिवस खराब. आधीच कोणीतरी बसून दबलेली जागा बघा, नवीन जागा तुडवू नका, तुटलेल्या तुऱ्याला बी धरत नाही आणि पुढच्या वर्षी तिथे टक्कल पडतं.

कॅलिफोर्नियाबद्दल मात्र मी हातचं राखून सांगते. सुपरब्लूम, म्हणजे सगळीकडे एकदम रानफुलांचा गालिचा, हा शब्द इतका वापरला जातो की लोकांना वाटतं तो दरवर्षीच असतो. डेथ व्हॅलीचं घ्या, लोक अजून १९९८, २००५ आणि २०१६ चीच नावं घेतात. वाळवंटातल्या वर्षायू फुलांच्या बियांवर असे रासायनिक घटक असतात की ते धुऊन गेल्याशिवाय बी रुजतच नाही, त्यासाठी शरदात किंवा हिवाळ्याच्या सुरुवातीला एक चांगला भिजवणारा पाऊस लागतो, नुसता शिंतोडा नाही. मग थोड्या थोड्या अंतराने पाऊस चालू राहायला हवा, मध्येच एकदम उष्ण वारा सुटायला नको, नाहीतर रोपं कळी धरायच्या आतच करपतात. एवढं सगळं जुळलं तर अन्झा-बोरेगो, कॅरिझो प्लेन, अँटलोप व्हॅली, सगळीकडे रंग. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी ठरवा. थिओडोर पेन फाउंडेशनची वाइल्डफ्लॉवर हॉटलाइन मार्च ते मे दर शुक्रवारी कुठे काय फुललंय ते सांगते, त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवावा. इन्स्टाग्रामच्या फोटोवर ठेवू नये, तो कधीचा असतो कोणास ठाऊक.

लँकेस्टरजवळचं अँटलोप व्हॅली पॉपी रिझर्व्ह जाऊ शकलात तर जा, लॉस एंजेलिसहून दीड-दोन तास. कॅलिफोर्निया पॉपी १९०३ पासून राज्यफूल. हे फूल ऊन असेल तरच उघडतं, थंडी, ढग, जोराचा वारा असला की पाकळ्या मिटून घेतं, आणि त्या पठारावर दुपारनंतर वारा बेकार सुटतो. म्हणजे सकाळी आठला जाऊन उपयोग नाही आणि संध्याकाळी गोल्डन लाइटमध्ये फोटो काढू म्हणालात तर सगळी मिटलेली. दहा ते दोन ही वेळ. एखादी कळी जवळून बघा, तिच्यावर हिरवी टोकदार टोपी असते, फूल उघडताना ती टोपी ढकलून देतं, आणि अर्धी टोपी अडकलेली फुलं सकाळच्या वेळी सापडतात. २०१९ मध्ये लेक एल्सिनोरच्या वॉकर कॅन्यनला एवढी झुंबड उडाली की फ्रीवे तुंबला, टेकडीवर लोकांनी पायवाटा पाडल्या, आणि २०२३ ला पुन्हा बहर आला तेव्हा गावाने ती जागाच बंद ठेवली. आपल्याकडे कासला गर्दी आवरायला बुकिंग आणि कुंपण आणावं लागलं, तेच.

कासवरून आठवलं. उत्तर कॅलिफोर्नियात ओरोव्हिलजवळ नॉर्थ टेबल माउंटन नावाचं पठार आहे, सॅक्रामेंटोहून सव्वा-दीड तास, आणि महाराष्ट्रातल्या माणसाला तिथे पाऊल ठेवल्या ठेवल्या ओळखीचं वाटतं. खाली काळा बेसॉल्ट, वर कशीबशी वीतभर माती, म्हणून मोठी झाडं जवळपास नाहीत आणि पाणी खाली मुरत नाही. कासला पावसाळा संपताना जे होतं ते इथे हिवाळ्याचा पाऊस संपताना होतं, एवढाच फरक, तिकडे सप्टेंबर आणि इकडे मार्च-एप्रिल. खडकाच्या खोलगट जागांत पाणी साचतं, त्याला व्हर्नल पूल म्हणतात, उन्हाने ते जसं आटत जातं तसं काठाकाठाने फुलांची वर्तुळं उमटतात, बाहेर पिवळी गोल्डफील्ड, आत जांभळी-निळी दुसरी, कारण प्रत्येक जातीला ओल वेगवेगळी लागते. तुम्ही काठावर उभे राहिलात की पाणी आठवड्याआठवड्याने कुठपर्यंत मागे गेलं ते रंगावरून वाचता येतं. लुपिन, पॉपी, आऊल्स क्लोव्हर, आणि मध्येमध्ये गाई चरत असतात, त्या मुद्दाम चारतात, परदेशी गवत वाढून फुलांना झाकू नये म्हणून. सोय म्हणाल तर फारशी नाही, वाट खडकाळ आणि ओली, तेव्हा आईंना पार्किंगच्या आसपासचंच दाखवा, तेही पुरेसं असतं. जायच्या आधी राज्याच्या वन्यजीव खात्याचा लँड्स पास ऑनलाइन काढावा लागतो.

बे एरियात कोणी नातेवाईक असतील आणि आईबाबा पुढच्या वेळी फेब्रुवारीत आले तर फ्रेस्नोचा ब्लॉसम ट्रेल, साठेक मैलांचा, आधी बदाम पांढरा, मग पीच-नेक्टरिन गुलाबी. देशातल्या बहुतेक व्यावसायिक मधमाश्यांच्या पेट्या त्या काही आठवड्यांसाठी कॅलिफोर्नियाच्या बदामात आणून ठेवलेल्या असतात. बागांमध्ये शिरायचं नाही, पेट्या असतात आणि फवारणीही चालू असते. यंदा तुमच्या तारखांत हे बसत नाही.

तारखा अजिबात हलवता येत नसतील, सुट्टी आधीच मंजूर करून घ्यावी लागत असेल, तर रानफुलांचा नाद सोडा आणि एप्रिलच्या मध्यावर सिएटलला जा. तिथून ६० मैल उत्तरेला स्कॅजिट व्हॅली, १९८४ पासून तिथे एप्रिलभर ट्यूलिप फेस्टिव्हल असतो. रूझेनगार्डे आणि ट्यूलिप टाउन ही दोन शेतांची नावं लक्षात ठेवा. एक धंद्यातली गोष्ट सांगते जी पर्यटकांना कोणी सांगत नाही. इथली शेती मुळात कंदांची आहे. फूल फुलल्यावर ते मशीनने खुडून टाकतात म्हणजे झाडाची सगळी ताकद कंदात जाते, त्यामुळे काल लाल दिसणारं शेत आज हिरवं दिसू शकतं. आणि रोग जमिनीत बसू नये म्हणून पीक दरवर्षी दुसऱ्या शेतात फिरवतात, म्हणून मित्राने मागच्या वर्षी पाठवलेल्या लोकेशनवर जाऊ नका, त्या वर्षीचा नकाशा बघा. फेस्टिव्हलच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नये हेही त्यातच आलं. तिकडे चिखल असतो, गमबूट किंवा जुने बूट न्या, ढगाळ दिवस मिळाला तर नाराज होऊ नका, ट्यूलिपचे रंग ढगातच छान दिसतात. वीकेंडला हायवेवरून उतरायलाच तास लागतो, मंगळवार-बुधवार बघा. परत येताना युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या क्वाडमधली जुनी चेरी मार्चच्या शेवटी-एप्रिलच्या सुरुवातीला असते, थोडं आधी गेलात तरच जमेल.

ट्यूलिपसाठी एवढं लांब जायचं नसेल तर तुमच्याजवळच क्रीम रिजला हॉलंड रिज फार्म्स आहे, स्वतः फुलं तोडून आणता येतात, तिकीट आधी ऑनलाइन. पेनसिल्व्हेनियातलं लाँगवूड गार्डन्स एप्रिलच्या शेवटी, सपाट रस्ते, व्हीलचेअर मिळते, आईबाबांसाठी हे मी डोळे मिटून सुचवते. मिशिगनच्या हॉलंड गावातला ट्यूलिप टाइम मेमध्ये असतो, शिकागोत कोणी असेल तर. चार्ल्सटन आणि सव्हानाचे अझेलिया मार्चच्या उत्तरार्धात, छान असतात, पण त्याच दिवसांत तुम्ही डीसीच्या कळ्या बघत बसणार, दोन्ही जमणं अवघड.

टेनेसी-नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवरच्या स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कबद्दल थोडं लिहिल्याशिवाय राहवत नाही, तुमच्या ट्रिपमध्ये ते बसत नसलं तरी. तिथे १,५०० हून जास्त प्रकारच्या फुलझाडांची नोंद आहे, आणि एप्रिलमध्ये जे फुलतं ते पठारावरच्यासारखं लांबून दिसत नाही, खाली बघत हळूहळू चालावं लागतं. झाडांना पालवी फुटून सावली पडायच्या आत जेवढं ऊन जमिनीपर्यंत येतं तेवढ्या काही आठवड्यांत या फुलांना उगवायचं, फुलायचं, बी धरायचं असतं. ट्रिलियम बघा, तीन पानं, तीन पाकळ्या, पांढरं फूल जुनं होता होता गुलाबी होत जातं. बियांना एक छोटा तेलकट भाग चिकटलेला असतो, मुंग्या त्यासाठी बी वारुळात ओढून नेतात आणि तो भाग खाऊन बी तिथेच टाकतात, अशीच त्याची पेरणी होते. बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला सात-सात वर्षं लागतात. कोणी पोराने हौसेने एक तोडलं की किती वर्षांचं काम गेलं ते बघा. गॅटलिनबर्गला १९५१ पासून वाइल्डफ्लॉवर पिल्ग्रिमेज भरतं, जाणकारांबरोबर चालायला मिळतं. पार्कला प्रवेश फी नाही पण २०२३ पासून पार्किंग टॅग लागतो. टेकड्या चढायला नकोत आणि तरी हा प्रकार बघायचाय, तर डीसीजवळ बुल रन रिजनल पार्कला एप्रिलच्या मध्याच्या आसपास व्हर्जिनिया ब्लूबेल्स ओढ्याकाठी पसरलेली असतात, सपाट वाट आहे, फक्त पाऊस झाला असेल तर चिखल.

तर तुमच्यासाठी माझा क्रम असा. आईबाबा आले की पहिला आठवडा जेटलॅगमध्ये जाऊ द्या, तोवर डीसीच्या कळ्यांवर लक्ष ठेवा, देठं लांब झाल्याची बातमी आली की रिफंडेबल हॉटेल पक्कं करा, एक रात्र पुरे. टेक्सासचं तिकीट एप्रिलच्या पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्याचं, पण ते मार्चच्या सुरुवातीला काढा, त्याआधी हिल कंट्रीत शरदातला पाऊस कसा झाला ते शोधा, दुष्काळ असेल तर पैसे सिएटलकडे वळवा आणि कॅलिफोर्नियाला भरपूर पाऊस झाला असेल तर तिकडे. परत आल्यावर ब्रँच ब्रूक पार्क, मग एप्रिलच्या शेवटी लाँगवूड. दुपारच्या जेवणाचा डबा घरचाच न्या, कुठेही रांगेत उभं राहायला लागू नये. बाबांना सर्दी-शिंका सुरू झाल्या तर लगेच सर्दीची औषधं देत बसू नका, एप्रिलमध्ये ओक-बर्चचे परागकण इकडे प्रचंड असतात, ॲलर्जीसाठी काय चालेल ते आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच. आणि न्यू जर्सीत उंच गवतात शिरू नका, टिक्स म्हणजे गोचीड असतात, पायमोजे पँटवर ओढून घ्या, घरी आल्यावर पाय तपासा.

मेचा दुसरा रविवार, म्हणजे मदर्स डे, मोकळा ठेवा. बॉस्टनच्या आर्नल्ड आर्बोरेटममध्ये त्या दिवशी लायलॅक संडे असतो, १९०८ पासूनची पद्धत, प्रवेश फुकट, आणि एरवी तिथे बसून डबा खायला परवानगी नसते ती फक्त त्या दिवशी असते. लायलॅकचे वेगवेगळे प्रकार एका उतारावर लावलेत, प्रत्येकाचा वास थोडा वेगळा, आईंना हळूहळू एकेका झुडपापाशी थांबत जाऊ द्या. चादर आणि थालीपीठं बरोबर घ्या. गाडी शहराबाहेर ठेवून ऑरेंज लाइनने शेवटच्या फॉरेस्ट हिल्स स्टेशनला उतरा, तिथून गेट जवळ आहे.